विश्वासातल्या व्यक्तीचं नाव

केडगाव, १२ जानेवारी २०२५

ताई, जय भीम.

पुढच्या आठवड्यात भीमराज दाजींच्या मोबाईलवर पुण्याहून एक फोन येईल. मैत्रेयी नावाच्या बाई बोलतील आणि तुला फोन द्यायला सांगतील. आई-बाबा बरे आहेत. मीही बरी आहे. फोन कशासाठी आहे ते तुला आधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते आहे. माझा नंबर तू सहा वर्षांपासून ब्लॉक केलेला आहेस. ही तक्रार नाही, पत्र लिहिण्याचं कारण आहे.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत एचआयव्ही रोखणाऱ्या लसीची ट्रायल सुरू होते आहे. त्यात मी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं आहे. तू पहिला प्रश्न कुठला विचारशील ते मला माहीत आहे. नाही, या लसीने लागण होऊ शकत नाही. तिच्यात विषाणू नसतो, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. विषाणूच्या वरच्या आवरणासारखा दिसणारा एक तुकडा तयार करतात आणि तो शरीराला दाखवतात. पुढे कधी खरा विषाणू आला तर शरीराने त्याला ओळखावं, एवढी अपेक्षा. ओळखेल का, हे अजून कुणालाच माहीत नाही. ज्यांना आधीच लागण आहे त्यांना या लसीचा उपयोग नाही. हे मुद्दाम स्पष्ट लिहिते आहे, कारण तुला खोटी आशा दाखवायची माझी इच्छा नाही.

अर्ध्या लोकांना लस मिळते, अर्ध्यांना मिठाचं पाणी. कुणाला काय, हे टोचणाऱ्या नर्सलाही माहीत नसतं. सहा महिन्यांत चार इंजेक्शनं, नंतर वर्षभर तपासण्या. का नाव दिलं, असं फॉर्ममध्ये विचारलं होतं. मी लिहिलं: 'लॅब टेक्निशियन आहे, विषयाची आवड आहे.' ते खोटं नाही.

आता तुझ्याबद्दल. फॉर्मच्या चौथ्या पानावर 'विश्वासातील एक व्यक्ती' अशी ओळ आहे. म्हणजे मी ट्रायलमध्ये आहे हे जिला माहीत असेल आणि मला काही झालं तर जिला कळवायचं, ती व्यक्ती. मी ती ओळ रिकामी सोडली होती. मैत्रेयी मॅडम तिथल्या काउन्सेलर आहेत. त्या म्हणाल्या, "एक तरी नाव लागेल. आई?"

"आई नको," मी म्हटलं.

"मग कोण?"

मी तुझं नाव लिहिलं. नातं, मोठी बहीण. नंबर बाबांकडून घेतला.

२०१८ मध्ये तुझा रिपोर्ट मी तुझ्याआधी आईला सांगितला. तेव्हा तुला विचारलं नव्हतं. आज तुझं नाव लिहितानाही विचारलेलं नाही. दुसऱ्यांदा तेच झालं आहे हे माझ्या लक्षात आहे. तुला नको असेल तर फोनवर 'नाही' एवढंच म्हण. ते तुझं नाव काढतील. मग माझंही निघेल, कारण त्या ओळीवर लिहायला माझ्याकडे दुसरं नाव नाही.

प्रज्ञा


केडगाव, २३ फेब्रुवारी २०२५

ताई, जय भीम.

मैत्रेयी मॅडमनी तुमचं बोलणं मला शब्दशः सांगितलं नाही, सांगणारही नाहीत. पण तू पाऊण तास प्रश्न विचारलेस, एवढं त्यांच्या तोंडून निघून गेलं. "तुमच्या बहिणीला आमच्याकडे नोकरीला ठेवायला हवं," असंही म्हणाल्या. त्या दिवशी तू 'विचार करते' म्हणालीस. दोन दिवसांनी स्वतःहून फोन केलास. निरोप असा होता: नाव राहू द्या, तिला काही झालं तर मला कळवा, पण तिने मला फोन करायचा नाही.

पत्राबद्दल तू काही म्हटलेलं नाहीस. म्हणून लिहिते आहे.

पहिलं इंजेक्शन ११ तारखेला झालं. डाव्या दंडात. दोन दिवस दंड दुखला, एक दिवस थोडा ताप होता, शंभराच्या आत. ते रोज वहीत लिहायचं असतं. मी थर्मामीटरचा आकडा एका दशांशापर्यंत लिहिला आहे. तिथल्या नर्स म्हणाल्या की बाकीचे लोक 'बरं आहे' एवढंच लिहितात.

इंजेक्शनच्या आधी एक लेखी परीक्षा घेतात, आपल्याला सगळं समजलं आहे की नाही हे बघायला. दहा प्रश्न. माझं एक उत्तर चुकलं. प्रश्न असा होता: 'तुम्हाला ट्रायल मध्येच सोडायची असेल तर कारण सांगावं लागेल का?' मी 'होय' वर खूण केली. मैत्रेयी मॅडम म्हणाल्या, "नाही. कारण न सांगता जाता येतं. इथे कुणी कुणाला कारण विचारायचं नाही." मी उत्तर दुरुस्त केलं. येताना बसमध्ये शिरूरपर्यंत तोच प्रश्न डोक्यात होता. तू माझ्याशी बोलणं तोडलंस तेव्हा मी बाबांमार्फत तीनदा कारण विचारायला लावलं होतं. मला कारण माहीत होतं, तरीही.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर शिर्डीचे गहिनीनाथ म्हणून एक जण होते. हार-फुलांचं दुकान आहे. बोटांना झेंडूचा वास येत होता. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "सायेब, मला मिठाचं पानी दिलं आसंल तर एवढ्या लांबून येनं फुकाट गेलं म्हना की."

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही नसाल तर लसवाल्यांचं कशाशी ताडून बघू?"

गहिनीनाथांनी विचार केला. मग म्हणाले, "मंजी आमी बी कामाचे."

"तुम्ही निम्म्या कामाचे."

"निम्म्या मंजी लई झालं," ते म्हणाले आणि पिशवीतून सगळ्यांना पेढे काढून दिले.

हसू मलाही आलं. तिथे मला बरं वाटतं, ताई. सगळं क्रमाने असतं. कुठलीही गोष्ट करण्याआधी ती सांगतात, मग विचारतात, मग करतात.

प्रज्ञा


केडगाव, २० एप्रिल २०२५

ताई, जय भीम.

आधीची दोन्ही पत्रं परत आलेली नाहीत. पत्ता बरोबर आहे असं मी धरून चालते.

दुसरं इंजेक्शन मार्चमध्ये झालं. तिसरं मे महिन्यात. तब्येत उत्तम.

१४ एप्रिलला विहारात नेहमीप्रमाणे रक्तदान शिबिर होतं. अठरा वर्षं पूर्ण झाल्यापासून मी एकही चुकवलेलं नाही, हे तुला माहीत आहे. पहिल्या वर्षी तूच हाताला धरून नेलं होतंस. या वर्षी मी फक्त नावं लिहायला बसले. ट्रायलमध्ये असताना रक्तदान करायचं नसतं. बाबा पलंगावर आडवे होते, हातात रबरी चेंडू दाबत. तिथून ओरडले, "काय गं, तुझा नंबर कधी?"

मी सांगितलं की हिमोग्लोबिन कमी आलं आहे. खरं तर ते साडेतेरा आहे.

ते आईने ऐकलं. "रक्त तपासनारीच्याच अंगात रक्त न्हाई. लोकं हसतील," म्हणाली. तेव्हापासून मला रोज बीट मिळतं. कोशिंबीर, पराठा, परवा तर बिटाचा हलवा. दंड दुखत नाही पण जीभ लाल आहे. तिला खरं सांगायची सोय नाही. तिला सांगितलेलं मामाला कळतं, मामाला कळलेलं मामीला. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

लग्नाचा विषयही बंद ठेवता येतो आहे. 'अशक्तपणा गेल्यावर बघू' असं आईच म्हणते. ट्रायलचा हा फायदा माहितीपत्रकात दिलेला नव्हता.

त्या दिवसाबद्दल मी तुला कधी लिहिलेलं नाही. आज लिहिते.

सप्टेंबर २०१८. मी शेवटच्या वर्षाला होते आणि नगरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ट्रेनिंग चालू होतं. तू तिसऱ्या महिन्यात होतीस, म्हणून सगळ्या तपासण्या करायला आली होतीस. नमुने नंबरने येतात, पण रजिस्टरमध्ये नंबरासमोर नाव असतं. तुझ्या नावासमोर, एचआयव्हीच्या रकान्यात, 'रिअॅक्टिव्ह' हा शब्द होता, म्हणजे लागण. दुसऱ्या दिवशी काउन्सेलर तुला आणि दाजींना समोर बसवून सांगणार होते. औषधं, बाळासाठीची काळजी, सगळं नीट समजावणार होते. मी पाच वाजता कॉरिडॉरमध्ये येऊन आईला फोन केला. तू दुसऱ्या दिवशी बस पकडायच्या आत मामीकडून तुझ्या सासूबाईंना कळलं होतं. तुझं ताट वेगळं झालं होतं, आणि का झालं हे त्या घरात फक्त तुलाच माहीत नव्हतं.

आईला तू दुसऱ्या वर्षी माफ केलंस. बाबांना म्हणाली होतीस, "आई शिकलेली नाही, तिला कळलं नाही." मी शिकलेली होते. हे मला पटतं.

मी घाबरले होते. घाबरून फोन केला. एवढंच सांगायचं होतं.

तुझी मित्रा आता सहा वर्षांची असेल. तिचा रिपोर्ट दीड वर्षाची असताना निगेटिव्ह आला, हे बाबांनी सांगितलं. त्या दिवशी मी लॅबमध्ये कुणाला काही न सांगता सगळ्यांसाठी जिलबी आणली होती.

प्रज्ञा


केडगाव, ६ जुलै २०२५

ताई, जय भीम.

तुला पुण्याहून फोन गेलेला नाही, कारण मला काही झालेलं नाही. पण एक घटना घडली. ती तुला मीच सांगायला हवी.

आमच्या लॅबमध्ये एक पद्धत आहे. पुस्तकात नाही, पण छोट्या लॅबमध्ये असते. मशिनवर किंवा नव्या किटवर भरवसा वाटेना की टेक्निशियन स्वतःचं रक्त लावून बघतात. ज्याचं सगळं कायम प्रमाणात येतं त्याचं रक्त मग लॅबची मोजपट्टी होतं. आमच्याकडे मोजपट्टी मी आहे. फ्रिजच्या दारात एक ट्यूब असते. तिच्यावर ज्ञानेश्वरच्या अक्षरात 'प्रज्ञा मॅडम नॉर्मल' असं लिहिलेलं असतं.

ज्ञानेश्वर माझा सहकारी. पाथर्डीकडचा, चाळिशीचा, अकरा वर्षं या कामात. हात माझ्यापेक्षा हलका आहे, तोंड थांबत नाही. त्याला सांगितलेली गोष्ट चहाच्या वेळेपर्यंत माळीवाडा स्टँडला पोचते, असं आमच्या अंबिका मॅडम म्हणतात. लॅब त्यांची आहे.

१६ जूनला सकाळी साखरेच्या मशिनसाठी त्याने माझं रक्त घेतलं. ट्रायलमध्ये मला बजावलेलं आहे की बाहेर कुठेही एचआयव्हीची टेस्ट करायची नाही. साधी टेस्ट विषाणू शोधत नाही. शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली अँटिबॉडी शोधते. लस मिळालेल्या माणसाच्या अंगात तीच अँटिबॉडी असू शकते, लागण नसताना. मग रिपोर्ट चुकीचा येतो. हे मला चार वेळा समजावलं आहे. साखरेला हरकत नव्हती, म्हणून मी हात पुढे केला. उरलेली ट्यूब टाकून दे, असं मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने 'का' विचारलं असतं, आणि लॅबमध्ये मी ट्रायलबद्दल कुणालाच काही बोललेले नव्हते.

पुढचे दोन दिवस मी रजेवर होते. एक पुण्याच्या तपासणीचा, एक बाबांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा. १७ तारखेला एचआयव्हीच्या किटची नवी पेटी आली. ज्ञानेश्वरने सवयीने फ्रिजच्या दारातली ट्यूब काढली.

१९ ला सकाळी मी लॅब उघडायला गेले तर तो पायरीवर बसलेला. तो कधी वेळेआधी येत नाही.

"मॅडम, शटर वर करू नका. बसा आधी."

"काय झालं?"

"बसा म्हन्तो ना."

मी बसले. तो समोरच्या रस्त्याकडे बघत बोलला. "नव्या किटवर तुमचं सँपल लावलं मी. न इचारता लावलं. चुकलं माझं."

कुठल्या किटवर, हे मला तेवढ्यात कळलं होतं.

"तीन येळा लावलं. मला वाटलं किटच खराब हाय. मग माझं लावलं, तर एकच रेघ. तुमचं..." त्याने दोन बोटं वर केली आणि लगेच मिटली.

"अंबिका मॅडमना काय सांगितलंस?"

"किट चांगलं हाय म्हनलं. माझं रक्त लावून दावलं त्यास्नी. तुमच्या ट्यूबवरचं नाव खरवडून ती कचऱ्यात घातली."

"घरी? बायकोला?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. रागाने. "बायकोला काय सांगू? ते माझं हाय का सांगायला?"

मग त्याने मला धीर द्यायला सुरुवात केली. गोळ्या सिव्हिलला फुकट मिळतात. त्याची मावसबहीण दहा वर्षं गोळ्या घेते आणि खुरपायला त्याच्या पुढे असते. "तवा डोळ्यात पानी आनायचं न्हाई. पायजे तर मी येतो संगं. लांब हुभा राहीन, वळख बी दावनार न्हाई."

ताई, मी हसले. मग ते थांबेना. त्याला वाटलं मला काहीतरी होतंय, तो पाणी आणायला उठला. मी पर्समधून ट्रायलचं कार्ड काढून दिलं. त्याने ते दोनदा वाचलं, मागची बाजूही वाचली.

"मंजी न्हाई तुमाला?"

"नाही. बहुतेक लस मिळाली आहे."

"दोन दिस माझ्या घशाखाली घास उतरंना," तो ओरडला, "आन् तुमी पुन्याला हौसंनं सुया टोचून घेताय व्हय!" समोरच्या गॅरेजवाल्याने वळून बघितलं. ज्ञानेश्वरने आवाज खाली आणला. "आता ह्ये तरी सांगू का कुनाला? का ह्ये बी न्हाई?"

"हे सांग."

"मग ठीक हाय," तो म्हणाला आणि शटर वर केलं.

मी त्याच दिवशी ट्रायलच्या डॉक्टरांना कळवलं. मला लस मिळाली की पाणी हे मला कळायला नको होतं. ते जवळजवळ कळलं, आणि चूक माझी होती. ते रागावले नाहीत. सगळं लिहून घेतलं, पुन्हा रक्त घेतलं आणि थेट विषाणूच शोधणारी वेगळी तपासणी केली. विषाणू नाही. मला काय मिळालं असावं हे तिथे कुणाजवळ बोलायचं नाही, अशी सूचना आहे. तुझ्याजवळ चालेल का, ते विचारलं. चालतं, म्हणाले. चौथ्या पानावरचं नाव आहे.

आता मुद्दा. एप्रिलच्या पत्रात मी लिहिलं होतं की घाबरून फोन केला. ते मी सात वर्षं सांगते आहे, बाबांना आणि स्वतःलाही. ज्ञानेश्वरसुद्धा घाबरला होता. तोंड बंद ठेवणं त्याला माझ्यापेक्षा दहापट जड जातं. तरी घाबरून तो येऊन पायरीवर बसला.

मी कॉरिडॉरमध्ये गेले तेव्हा घाबरलेले नव्हते. निदान तेवढंच नव्हतं. घरात कुणालाच माहीत नाही असं काहीतरी मला पहिल्यांदा माहीत झालं होतं, आणि ते मला कळलं आहे हे कुणालातरी कळायला हवं होतं. तू कायम घरातली हुशार होतीस. माझं वय तेव्हा एकवीस होतं. हे कारण म्हणून लिहीत नाही, फक्त खरं काय ते लिहिते आहे.

ते तुझं होतं सांगायला. मी ते घेतलं. परत देता येत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, आणि ते कमी होत नाही.

ट्रायलमध्ये मी आवडीने गेले हे खरं आहे. पण त्या शब्दाच्या आधी तुझं नाव होतं, ते मी फॉर्मवर लिहिलं नाही.

प्रज्ञा


केडगाव, ५ ऑक्टोबर २०२५

ताई, जय भीम.

आता फोन चालू आहे तर पत्र कशाला, असं तू म्हणशील. एक गोष्ट फोनवर सांगितली तर तू मध्येच तोडशील, म्हणून.

जुलैत तुझा फोन लॅबच्या नंबरवर आला तेव्हा तो ज्ञानेश्वरने उचलला होता. सात वर्षांनी तुझा आवाज मला मिळाला तो त्याच्या कानावरून. तू मला म्हणालीस, "त्या मानसाला जेवायला घेऊन ये." मला बोलावलं नाहीस. मी रस्ता दाखवण्यापुरती. तरी चालेल, म्हटलं. मग चौथं इंजेक्शन झालं, तुमच्याकडे भाताची कामं निघाली, आणि शेवटी २ ऑक्टोबर ठरला. धम्मचक्र प्रवर्तन दिन, दोघांनाही सुट्टी.

अकोले स्टँडवर दाजी जीप घेऊन आले होते. ज्ञानेश्वर पुढे बसला आणि राजूर येईपर्यंत दोघांनी मिळून महाराष्ट्राच्या सगळ्या रस्त्यांना शिव्या घालून झाल्या. दाजी माझ्याशी एकच वाक्य बोलले, "दार जोरात लाव, ढिलं हाय." मला ते पुरेसं वाटलं.

तुझ्या भाताला लोंब्या आल्या आहेत. तू जाड झाली आहेस आणि 'हाय' म्हणतेस. मित्राने मला विचारलं, "तुमी पुन्यात सुया टोचून घेता त्याच का?" म्हणजे माझी पत्रं घरात मोठ्याने वाचली गेली आहेत. माझी हरकत नाही.

मला सांगायचं आहे ते जेवणाआधीचं. दाजी ज्ञानेश्वरला धरण दाखवायला घेऊन गेले होते, मित्रा त्यांच्याबरोबर. तू चुलीपुढे तांदळाच्या भाकरी करत होतीस, पाठ आमच्याकडे. शेजारच्या बनुबाई उंबऱ्यात बसून चहा पीत होत्या. मी त्यांच्यासमोर, कांदा चिरत.

बनुबाई म्हणाल्या, "तुझी ताई सांगत हुती, तू कसलीशी लस टोचून घेतीस. कशाची गं?"

"एचआयव्हीची."

"मंजी एड्सची?"

"त्याच विषाणूची. अजून नक्की नाही, बघतायत चालते का."

"आन् तुला कशापायी पायजे? घरात हाय का कुनाला?"

त्या सहज विचारत होत्या. उत्तर मला माहीत होतं. माझ्या हातात सुरी होती आणि मी कांदा चिरायची थांबले. नाही म्हणणं खोटं झालं असतं. हो म्हणणं काय झालं असतं ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, "ते मला सांगता यायचं नाही, बनुबाई." हे उत्तरही वाईटच होतं, शहाण्या बाईला तेवढ्यावर कळतं. पण मला दुसरं सापडलं नाही.

तू भाकरी उलटलीस. वळली नाहीस. "मला हाय, बनुबाई. सात वर्षं झाली. ह्यांना बी हाय. गोळ्या चालू हायेत. पोरीला न्हाई."

बनुबाई म्हणाल्या, "म्हाईत हाय. तू कवा सांगतीस त्याची वाट बघत हुते. भाकर करपली बघ."

तू हसलीस, पाठ हलली त्यावरून कळलं. मग दोघी तांदळाच्या पिठाबद्दल बोलू लागलात, आणि तो विषय तिथे संपला. परतताना जीपमध्ये मला जाणवलं की तू चुलीकडे तोंड करून होतीस. बनुबाई 'म्हाईत हाय' म्हणाल्या त्याच्या आधी काय झालं ते तुला दिसलेलं नाही. तिथे बघणारी मी एकटीच होते, आणि ते तुझं आहे.

तू 'मला' म्हणालीस तेव्हा त्यांनी कपबशी खाली ठेवली. आवाज होऊ दिला नाही. मग डोळे मिटले आणि तशाच हसल्या, तोंड न उघडता. शेवटची गाडी गेली असं वाटत असताना ती वळणावर दिसली की स्टँडवरची बाई हसते, साधारण तसं. मग पदराने डोळे पुसले, आधी उजवा, मग डावा. तोपर्यंत तू गोळ्यांबद्दल सांगत होतीस. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एकदा मान हलवली. मी गप्प राहिले ते बरं केलं, असं त्यांना म्हणायचं असावं. तो अर्थ माझा आहे. मी पाहिलं ते एवढंच की त्यांनी मान हलवली.

प्रज्ञा